सहा तारांचं कपाट

समस्त आप्तेष्ट, मित्रमंडळी, लक्ष्मीबाई नगरचे आजी-माजी रहिवासी आणि गुरुग्राममधल्या सोसायटीचे सन्माननीय पदाधिकारी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की श्री. दिगंबर यांच्या निधनामुळे त्यांच्याविषयीचा माझा हेवा कोणत्याही प्रकारे स्थगित करण्यात आलेला नाही. तो पूर्वीप्रमाणेच, सुट्टीचे दिवस धरून, चालू राहील. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

दिगू, सर्व संबंधित म्हणजे तूच.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. लोकांना वाटतं मी रडून रडून सुजलोय. सुजलोय खरा, पण अर्धी सूज जळफळाटाची आहे. तुझ्या तेराव्याला मी तुमच्या क्लबहाउसच्या दारात उभा होतो. येणाऱ्यांना चपला कुठे काढायच्या ते दाखवत होतो, आणि माणसं संपेनात. ऑफिसातले, बॅडमिंटनचे, सोळाव्या मजल्यावरची ती बंगाली बाई जिचा गॅसचा पाइप तू एकदा बसवून दिलास. गेटवरचा गार्ड मला नऊ वर्षं ‘किसके यहाँ जाना है’ विचारतो, दर वेळी, जणू पहिल्यांदाच बघतोय. तो डोळे पुसत होता. मी तिथल्या तिथे मनातल्या मनात माझ्या तेराव्याची यादी केली. सात जण भरले, त्यातले दोघे केटरिंगचे.

हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, ‘अरे, मी येईन की, आठ होतील.’ तुझी हीच खोड. माणसाला नीट जळूसुद्धा द्यायचा नाहीस.

आपला इतिहास लोकांना थोडक्यात सांगतो. राजधानीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत आपण समोरासमोर राहायचो. तुझे बाबा आणि माझे बाबा एकाच साली महाराष्ट्रातून बदलून आले, ते ‘दोन-तीन वर्षांत परत जाऊ’ असं म्हणत तिथेच निवृत्त झाले. आमच्याकडे भिंतीवर सरकारी कॅलेंडर होतं. तुमच्याकडे तुझ्या आईचा मिरजेचा तानपुरा होता. इथपासून सुरुवात झाली बघ. संध्याकाळी तुझी आई तो घेऊन बसली की शेजारच्या तमिळ मामी दार उघडं ठेवायच्या, आणि माझी आई मला म्हणायची, ‘जा, जरा बसून ऐक, कानावर काही पडू दे.’ माझ्या कानावर पडायचं ते एवढंच, की तू मांडी घालून बसलायस आणि काकू तुझ्या हातात दोऱ्याचा तुकडा देतायत. तारेखाली दोरा सरकवायचा, थोडा पुढे, थोडा मागे, आणि एका जागी आला की तार अशी काही बोलायला लागायची की जणू कोणी तिचं तोंड उघडलंय. जवारी लागली, काकू म्हणायच्या. ते काम तुलाच यायचं. मी एकदा करून बघितलं, तर तार गप्प झाली आणि काकू हसल्या. प्रेमाने हसल्या, पण मला अजून आठवतं.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

जुनी अकूस्टिक गिटार घ्यायची ही कल्पना माझी होती. माझी, दिगू. हे लेखी राहू दे. पंचेचाळिशी ओलांडल्यावर काही लोक बुलेट घेतात, काही ट्रेकिंगला जातात. मी ठरवलं की एक जुनी, मुरलेली, लाकूड पिकलेली गिटार घ्यायची आणि वाजवायला शिकायचं. कॉलेजात तुझ्याकडूनच चार कॉर्ड शिकलो होतो, त्यातले दोन अजून यायचे. आणि मी आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली वाचलेला माणूस, म्हणून सगळ्यात आधी काय केलं असेल? फाइल उघडली.

निळ्या रंगाची फाइल होती ती. माझी बायको सुजाता तिला ‘सवत’ म्हणायची. तीन महिने मी फक्त वाचत होतो. वरची फळी स्प्रूसची असते, मागची बाजू रोझवूडची किंवा मॅहोगनीची असते, हे मला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. तारेची मोकळी लांबी किती, मान वरच्या टोकाला किती रुंद, मानेवरच्या बाराव्या पट्टीवर तार किती उंच असावी, आत कोणत्या लाकडी काड्या कशा लावलेल्या असतात. जुन्या गिटारीची मान वर्षानुवर्षं तारांच्या ओढीने पुढे झुकते आणि मग ती काढून पुन्हा बसवावी लागते, तेव्हा बंदुकीसारखी डोळ्याशी धरून मान सरळ आहे का बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फाइलमध्ये लाल शाईने अधोरेखित केलेलं: वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायची. अखंड लाकूड वर्षागणिक खुलत जातं. प्लाय जन्मभर प्लायच राहतं. ओळखायचं कसं? मधल्या गोल भोकाची कड बघायची. लाकडाच्या रेषा वरून खाली सलग कडेवरून उतरल्या तर अखंड. थर दिसले तर प्लाय. खात्री करायची असेल तर आतून आरसा घालून फळीची खालची बाजू बघायची.

हे सगळं मी तुला फोनवर सांगायचो. तू ‘अच्छा’, ‘अच्छा’ म्हणायचास आणि मागे कुकरची शिट्टी व्हायची. तेव्हापासून तू मला ‘पंडित’ म्हणायला लागलास.

जाहिरात मलाच सापडली. सत्तरच्या दशकातली, जपानी बनावटीची, एका घरात एका हातात राहिलेली. घर गुरुग्राममध्ये होतं, तुझ्यापासून दोन सेक्टर पलीकडे. म्हणून मी मेट्रोने आलो आणि तुला म्हटलं, गाडी काढ. दिगू, मी तुला ड्रायव्हर म्हणून नेलं होतं. हेही लेखी राहू दे.

दार एका सत्तरीच्या पंजाबी आंटींनी उघडलं. नवरा वर्षापूर्वी गेलेला, मुलगी बंगळूरला, आंटी तिच्याकडे कायमच्या निघालेल्या. घरात अर्धी खोकी बांधलेली. सोफ्यावर एक काळी पेटी आणि पेटीत ती. मधाच्या रंगाची, भोकाभोवती बारीक निळी-पांढरी नक्षी, बोटं टेकून टेकून एका जागी रंग उडालेला. मला पाहताक्षणीच कळलं की ही माझी आहे. असं मला लग्नाच्या वेळीसुद्धा कळलं नव्हतं.

आणि मग मी काय केलं? फाइल उघडली. स्टीलची पट्टी काढली. बाराव्या पट्टीवर तारेची उंची मोजली. गिटार खांद्याला लावून खिडकीतून समोरच्या टॉवरवर नेम धरला. भोकात मोबाइलचा टॉर्च मारला, आतलं लेबल अर्धं फाटलेलं होतं, त्यावरचा नंबर उतरवून घेतला. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. रेषा सलग उतरत होत्या, वरून खाली, स्वच्छ. अखंड लाकूड. माझं काळीज असं धडधडायला लागलं की मी ते लपवायला खोकलो. आंटींना विचारलं, ‘इसका नेक कभी रीसेट हुआ है?’ आंटी म्हणाल्या, ‘बेटा, चाय में चीनी कितनी?’

तू तोवर खोक्यांमध्ये बसून त्यांचे फोटो बघत होतास. माझी तपासणी चालू असतानाच तू विचारलंस, ‘आंटी, अंकल इस पे बजाते क्या थे?’

आंटी लाजल्या. म्हणाल्या, एकच गाणं, लग्नाआधीचं, तेच तेच, मी कंटाळून जायची. ‘सुनाइए ना,’ तू म्हणालास. ‘मुझे कहाँ आता है,’ असं म्हणत त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. तू माझ्या हातातून गिटार काढून घेतलीस. हिसकावली नाहीस, लेका, अलगद घेतलीस, जसं कोणी झोपलेलं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतं. दोनदा चुकलास, तिसऱ्यांदा तुला आंटींचा सूर सापडला. मग त्या गुणगुणत राहिल्या आणि तू त्यांच्या मागे मागे हळू वाजवत राहिलास. मी स्टीलची पट्टी हातात धरून उभा होतो, भूमितीच्या तासाला शिक्षा झाल्यासारखा.

संपल्यावर आंटींनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, अगदी प्रेमाने, ‘बेटा, आप बुरा मत मानना। ये मैं इनको दूँगी।’

मी म्हटलं, ‘बिल्कुल, बिल्कुल, क्यों नहीं.’ माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम अभिनय तो. प्रेक्षक दोन, टाळ्या शून्य.

गाडीत पेटी मागच्या सीटवर होती. तू तिला सीटबेल्ट लावलास. मला तू कधी ‘लाव’ म्हणाल्याचं आठवत नाही. सिग्नलला थांबल्यावर तू म्हणालास, ‘पंडित, तू घे रे. तूच शोधलीस. आंटींना काय कळणारे.’

मी ‘नको’ म्हणालो. तू पुन्हा म्हणालास. मी पुन्हा ‘नको’ म्हणालो. घेतली असती तर प्रत्येक वेळी तार छेडताना मला आठवलं असतं की ही तुला दिलेली होती आणि तू मला दिलीस. दिगू, एखाद्याने आपलं काही लुबाडलं तर सहन होतं. तेच त्याने हसत परत केलं की पोटात जे दुखतं, त्यावर औषध नाही.

आणि मग तू विचारलंस, ‘बरं, मग सांग तरी, कशी आहे? तू एवढं सगळं बघितलंस. माल कसाय?’

समोर हिरवा दिवा लागला होता. मागून हॉर्न वाजत होते. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, ‘प्लाय आहे रे. दिसायला छान आहे, पण प्लाय. पुढून, मागून, सगळीकडून.’

नऊ वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सुजातालाही नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो. सलग रेषा मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, बोटाने पाहिल्या होत्या. मला फक्त एवढंच हवं होतं, की तुझ्या चेहऱ्यावरचा तो आनंद एक बोटभर तरी खाली यावा.

तू गिअर टाकलास. आरशातून मागच्या पेटीकडे एकदा बघितलंस. मला वाटलं, जमलं. मग म्हणालास, ‘प्लाय म्हणजे कपाट की रे.’ आणि हसायला लागलास. ‘आईचं स्वयंपाकघरातलं कपाट आठवतं? त्याचं दार पण मस्त वाजायचं.’

झालं. त्या दिवसापासून तिचं नाव कपाट. ‘आज कपाट उघडू या का?’ ‘कपाटाच्या तारा बदलायच्यात.’ पाहुणे आले की तू स्वतःच सांगायचास, ‘प्लायची आहे, आमच्या पंडिताने तपासलीय,’ आणि माझ्याकडे असं अभिमानाने बघायचास की मी ताटातल्या चटणीचा अभ्यास करायला लागायचो.

आणि काय वाजायची ती. हे मी तुला एकदाही सांगितलं नाही, आता सांगतो, उपयोग नाही तरी सांगतो. तुमच्या चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत तू पाय वर घेऊन बसायचास. खाली गाड्यांचा तो न संपणारा आवाज असायचा, आणि त्याच्यावर ती जाड, गोड, पिकल्या फळासारखी गुंजायची. मी मनात म्हणायचो, अखंड स्प्रूस. पन्नास वर्षं मुरलेलं. हे दिगूचं काही नाही, हे लाकडाचं आहे. ही माझ्या हातात असती तर मीही अशीच वाजवली असती. नऊ वर्षं मी या एका वाक्यावर काढली. तुझी बोटं चुकली की मला बरं वाटायचं, आणि चुकूनही छान वाटलं की मी पुन्हा लाकडाला श्रेय द्यायचो.

एकदा तू खाली दूध आणायला गेला होतास. मी गुपचूप ती उचलली आणि माझे दोन कॉर्ड वाजवले. डबा वाजवल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, तारा जुन्या झाल्यात. मग म्हटलं, माझी नखं वाढलीत.

आणि ते दोऱ्याचं भांडण. ते आपलं अर्धवटच राहिलं. चौथी तार झणझण करायला लागली होती. मी सांगितलं, हा दोष आहे, पट्टीला तार लागतेय, तारा टेकतात तो खालचा हाडाचा तुकडा बदलून घे. तू ऐकत राहिलास, डोळे मिटून. मग मीनल वहिनींच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा आणलास, तोडलास, आणि तारांच्या खाली त्या हाडाच्या तुकड्यावर सरकवायला लागलास. सगळ्या सहा तारांखाली. मी ओरडलोच, ‘अरे, हे काय करतोयस? गिटार आहे ती. तानपुरा नाही.’

‘जवारी लागलीय,’ तू म्हणालास.

‘जवारी नाही, बिघाड आहे तो. जगात कुठेही विचार.’

‘एकच तार बोलतेय बिचारी. बाकीच्या पाचांनी काय पाप केलंय?’

तुझी रेवा तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. ती मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, ‘बाबा, जवारी? वो रोटी वाली?’ तू तिला जवळ घेऊन दोरा तिच्या बोटांत दिलास आणि म्हणालास, ‘नाही गं, ही खायची नसते.’ ती दोन मिनिटं सरकवत बसली आणि, तुला सांगतो, तिला जमलं. तुमच्या घराण्याचा मला कंटाळा आलाय.

त्यानंतर दर भेटीत मी तोच विषय काढायचो. मी कागद दाखवायचो, तू दोरा दाखवायचास. आता तीन आठवडे मी हा वाद सलग जिंकतोय. समोरून कोणी काही बोलतच नाही. इतकं भिकार जिंकणं मी कधी जिंकलो नव्हतो.

शेवटचा फोन तुझाच होता. ‘शनिवारी ये, एक नवीन बसवलंय, ऐकवतो.’ मी म्हटलं, ‘शनिवारी काम आहे रे, पुढच्या आठवड्यात बघू.’ मला काम नव्हतं. मी शनिवारी दुपारी घरी बसून वाटाणे सोलले. मला फक्त तुझं नवीन काहीतरी ऐकायचं नव्हतं.

तेराव्यानंतर, मंडळी पांगल्यावर, मीनल वहिनींनी मला थांबवलं. त्यांनी ती काळी पेटी आणून माझ्यासमोर ठेवली.

‘भाऊजी, ही तुम्ही न्या.’

मी वाकून पेटीची कडी चाचपली.

‘क्लबहाउसवाले मागतायत, मुलांच्या क्लासला. पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. प्लायचीच आहे, तुमच्यासारख्या जाणकाराला चालणार नाही, माहितीय मला. पण त्यांची आठवण म्हणून.’

दिगू, माझ्यातला नऊ वर्षांचा भुकेला माणूस टुणकन उठून बसला. एक शब्द बोलायचा नव्हता. फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं. माझं खोटं मला घरपोच व्याजासकट परत मिळत होतं. मी ‘बरं’ म्हणालो. वहिनींच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पेटी उचलली, लिफ्टमध्ये शिरलो, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये पोचलो. माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं, पेटी सीटवर ठेवली आणि हात आपोआप सीटबेल्टकडे गेला.

तिथे मी थांबलो. पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये, माझ्या वयाचा माणूस सीटबेल्टचं बक्कल हातात धरून ढसाढसा रडत उभा होता. तुमच्या गार्डने लांबून पाहिलं आणि पहिल्यांदाच ‘किसके यहाँ जाना है’ विचारलं नाही.

मी पेटी काढली आणि पुन्हा वर गेलो. लिफ्टमध्ये मी भाषणाची तालीम केली, नाट्यसंमेलनाला शोभेल अशी. वहिनींनी दार उघडलं तेव्हा त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

‘वहिनी, ही प्लायची नाही,’ मी म्हणालो. ‘अखंड लाकूड आहे. मी खोटं बोललो होतो. पहिल्याच दिवशी, गाडीत. मला हेवा वाटला म्हणून. ही भारी चीज आहे. ही रेवाची आहे, तिला ठेवा, नाहीतर विका, पण क्लबहाउसला देऊ नका आणि मला तर मुळीच देऊ नका.’

वहिनींचा हात दाराच्या कडीवर गेला. मला वाटलं, आता दार लावतील. मग म्हणाल्या, ‘नऊ वर्षं?’

‘नऊ.’

‘आणि ते सगळ्यांना कपाट कपाट म्हणत फिरले.’

‘हो.’

‘भाऊजी, तुम्ही फार वाईट आहात,’ त्या म्हणाल्या. ‘आत या. चहा करते.’

चहा पिताना त्यांनी ठरवलं की एकदा नीट दाखवून घ्यायची. तुझ्या घरात आता माझ्या तपासणीवर विश्वास उरला नव्हता, आणि योग्यच होतं ते. म्हणून गेल्या मंगळवारी आम्ही दोघं मेट्रोने करोल बागेला गेलो. पेटी वहिनींनी मांडीवर घेतली होती. मला धरू दिली नाही.

गाड्यांचे सीट कव्हर विकणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक मास्टरजी बसतात. तंतुवाद्यांची दुरुस्ती करतात. पांढरी दाढी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, भोवती पोट उघडलेल्या गिटारी. मी त्यांना फाइलमधलं सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला, ‘आप बैठिए.’

आधी त्यांना दोरे दिसले.

‘ये किसने डाले?’

‘मेरे मिस्टर ने,’ वहिनी म्हणाल्या. ‘जवारी के लिए.’

मास्टरजी हसले नाहीत. दोऱ्याला बोट लावून बघितलं, मान हलवली आणि पुढे गेले. मग त्यांनी दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा काढला, एक बारीक दिवा आत सोडला आणि भोकातून वाकून बघायला लागले. मी वहिनींच्या मागे उभा होतो. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की आता माझा गुन्हा सिद्ध होणार, वहिनींसमोर, पंचनाम्यासकट. आणि खरं सांगतो, त्यात थोडा आनंदही होता. निदान तू नऊ वर्षं काय वाजवत होतास ते तरी जगाला कळलं असतं.

मास्टरजींनी आरसा काढला. नखाने भोकाची कड खरवडली. बारीकशी लाकडी पट्टी उचकटून वर आली.

‘देखिए,’ ते म्हणाले. ‘किसी ने किनारे पे पट्टी चिपकाई है, सफाई के लिए. अच्छा काम है. नीचे देखिए.’

पट्टीच्या खाली थर होते. तीन. वेफरच्या बिस्किटासारखे, स्वच्छ, मोजता येतील असे.

‘ये प्लाई है, भाईसाहब.’

‘वरची फळी?’ मी मराठीतच विचारलं.

‘टॉप भी, बैक भी, साइड भी. पुरानी है, जापान की है, मगर है प्लाई.’

‘ध्यान से देखिए एक बार,’ मी म्हणालो. ‘स्प्रूस है. सॉलिड. मैंने खुद देखा था.’

त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. मी बघितलं. आतल्या बाजूला भलतंच लाकूड होतं, तांबूस, दुसऱ्याच रेषांचं. फाइलमध्ये लिहिलं होतं आरसा वापरा. नऊ वर्षांपूर्वी आंटींच्या घरी मी आरसा नेला नव्हता.

वहिनी हसायला लागल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत, त्या स्टुलावर बसल्या बसल्या. ‘म्हणजे भाऊजी,’ त्या कशाबशा म्हणाल्या, ‘तुम्हाला धड खोटंसुद्धा बोलता आलं नाही.’

मास्टरजींनी तारा जुळवल्या आणि एक साधा कॉर्ड वाजवला. मग दुसरा. आवाज आला तो डब्याचा, मी तुझ्या घरी गुपचूप काढला होता तसाच. ‘मामूली चीज़ है,’ ते म्हणाले. ‘बच्चों के सीखने के लिए ठीक है.’

वहिनींनी डोळे पुसले आणि पर्समधून मोबाइल काढला. ‘एक मिनट, मास्टरजी. ये सुनिए.’ तुझी बाल्कनी होती, रेवाच्या वाढदिवसाची संध्याकाळ. पडद्यावर तुझा फक्त हात दिसत होता आणि अर्धा गुडघा. मागे कुकर, खाली गाड्या, कोणीतरी ‘केक कुठाय’ म्हणतंय. आणि त्या सगळ्याच्या मधून ते जाड, गोड, भरलेलं, सहाच्या सहा तारा एकदम बोलतायत असं.

मास्टरजींनी हातातलं काम थांबवलं. मोबाइल कानाजवळ घेतला. शेवटपर्यंत ऐकलं. मग मांडीवरच्या गिटारीकडे बघितलं, पुन्हा मोबाइलकडे, आणि वहिनींना विचारलं, ‘ये इसी पे बजाया है? यही वाली?’

वहिनींनी मान हलवली.

तेव्हा त्या दुकानात, अनोळखी माणसासमोर, मी मोठ्यांदा म्हणालो, ‘म्हणजे हा नालायक खरंच चांगला वाजवायचा?’